सातो, हिरोजी

(१९२५–२०००). जपानी टेबल-टेनिसपटू. मुंबई येथे १ ते १० फेब्रुवारी १९५२ या काळात भरलेल्या जागतिक टेबल-टेनिस स्पर्धेत पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळवून तो या खेळातील पहिला आशियाई जगज्जेता ठरला. त्याच्या बॅटीवर तोवर रूढ असलेल्या दाणेदार रबराऐवजी स्पंजाचा जाड थर होता. या थरामुळे खेळाचा वेग, त्याचा आवाज, त्यातील डावपेच आणि अखेरीस त्याचे नियमही बदलले. सातोची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अल्पकालीन होती. तिचा आरंभ व तिचे शिखर ही दोन्ही मुंबईतील एकाच स्पर्धेत सामावलेली आहेत. तरीही टेबल-टेनिसच्या इतिहासाचे ‘मुंबईपूर्व’ आणि ‘मुंबईनंतरचा’ असे दोन भाग पाडले, तर ते वावगे ठरणार नाही. विंबल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेला (१९३३) जपानी लॉन-टेनिसपटू जिरो सातो हा निराळा. नामसादृश्यामुळे या दोघांत काही वेळा गल्लत केली जाते.

सातो हा जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकास असलेल्या आओमोरी परगण्यातला. या प्रदेशात हिवाळ्यात विपुल हिमवर्षाव होतो. त्यामुळे वर्षाचा बराच काळ मैदानी खेळांना वाव राहत नाही आणि चार भिंतींआड खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे तरुणांचा ओढा साहजिकच वाढतो. टेबल-टेनिस जपानमध्ये १९०२ मध्ये त्सुबोइ गेन्दो या शारीरिक शिक्षणतज्ञाने इंग्लंडहून आणले. पुढे तेथे मऊ चेंडूने खेळण्याचा एक स्वतंत्र प्रकारही रूढ झाला. युरोपीय खेळाडू बॅटीची मूठ हस्तांदोलन करावे तशी पकडीत, तर जपानी खेळाडू लेखणी धरावी तशी बॅट अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरीत आणि बहुधा तिच्या एकाच बाजूने खेळत. या पकडीत मनगट मोकळे राहते व पुढच्या हाताचा फटका जोरकस बसतो. मात्र डावीकडे आलेल्या चेंडूसाठी खेळाडूला पायांची विलक्षण चपळाई ठेवावी लागते. सातो हाही लेखणी-पकडीचाच खेळाडू होता. अंगाने सडपातळ आणि चष्मा वापरणारा हा तरुण प्रथमदर्शनी जगज्जेत्याची छाप पाडणारा नव्हता, असे समकालीन वर्णनांवरून दिसते.

त्याच्या तारुण्याचा काळ जपानच्या पराभवाचा व पुनर्रचनेचा होता. जुलै १९४५ मध्ये आओमोरी शहर हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर जपानवर दोस्त राष्ट्रांचे लष्करी प्रशासन आले. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिक सामन्यांचे निमंत्रण जपानला मिळाले नाही. या बहिष्कृत अवस्थेतून बाहेर पडण्याच्या कामी भारतातील दोन स्पर्धा जपानला विशेष उपकारक ठरल्या. पहिली म्हणजे मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेले पहिले आशियाई सामने आणि दुसरी मुंबईची ही जागतिक टेबल-टेनिस स्पर्धा. सॅन फ्रान्सिस्को येथील शांतता-तहावर सप्टेंबर १९५१ मध्ये सह्या झाल्या होत्या. परंतु तो अंमलात आला २८ एप्रिल १९५२ रोजी. भारताने त्या तहावर सही केली नव्हती आणि जपानशी असलेली युद्धस्थिती संपल्याचे भारतानेही त्याच दिवशी जाहीर केले; दोन्ही देशांतील स्वतंत्र तह जून १९५२ मध्ये झाला. म्हणजे सातो व त्याचे सहकारी मुंबईत खेळत होते तेव्हा यजमान व पाहुणे ही दोन्ही राष्ट्रे कायद्याच्या परिभाषेत अद्याप परस्परांशी युद्धमान होती. स्पर्धेच्या कामकाजात याची अडचण कोणाला आली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

जपानी खेळाडूच्या उदयाशी भारतीय शहराचा संबंध येण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. १९२० मध्ये विंबल्डनला आव्हानवीरांच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला लॉन-टेनिसपटू झेन्झो शिमिझू हा मित्सुइ या व्यापारी पेढीच्या नोकरीनिमित्त कलकत्त्यात राहत होता आणि त्याचा खेळ तेथील हिरवळीवरच परिपक्व झाला होता. पुढच्याच वर्षी डेव्हिस चषक स्पर्धेत भारतास हरवून जपानने अमेरिकेविरुद्धच्या आव्हान-फेरीत प्रवेश मिळविला, त्या संघात तो होता.

मुंबईत काय बदलले हे समजण्यासाठी त्यापूर्वीचा खेळ कसा होता, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून टेबल-टेनिसची बॅट म्हणजे लाकडी फळी व तिच्यावर थेट चिकटविलेले, बारीक दाण्यांचे रबर, असे समीकरण ठरून गेले होते. हे रबर चेंडूला माफक फिरकी देई. पण त्याचा वेग फारसा वाढवीत नसे. चेंडूवर आदळताच त्यातून ‘टक्‌’ असा स्पष्ट आवाज निघे. दोन्ही खेळाडूंच्या बॅटी जवळजवळ सारख्याच असल्याने कस लागे तो हाताच्या कसबाचा, दमाचा व चिकाटीचा. बचाव करणारा खेळाडू मेजापासून दहा-बारा फूट मागे सरकून प्रत्येक फटका कापून परतवी आणि आक्रमक खेळाडू संधीची वाट पाहत राही. या बचावाचा अतिरेकही झाला. प्राग येथील १९३६ च्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा अलोइझी एअर्लिख व रूमानियाचा फार्काश पानेथ यांच्यातील एका सामन्याचा पहिला गुण निकालात निघण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. त्यानंतर जाळीची उंची पावणेसात इंचांवरून सहा इंचांवर आणण्यात आली व सामन्यांना वेळेची मर्यादा घालण्यात आली. तथापि खेळाची मूळ घडण कायम राहिली. हंगेरीचा व्हिक्टर बार्ना (एकेरीची पाच अजिंक्यपदे), मूळचा ऑस्ट्रियाचा व नंतर इंग्लंडकडून खेळणारा रिचर्ड बर्गमन (चार अजिंक्यपदे), इंग्लंडचा जॉनी लीच (१९४९ व १९५१ चा विजेता) हे या परंपरेचे अग्रणी होत. तोपर्यंत पुरुष एकेरीचे अजिंक्यपद युरोपाबाहेर कधी गेलेले नव्हते.

या काळातील निष्णात खेळाडू डोळ्यांइतकाच कानांनी खेळत असे, ही बाब सर्वसामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. प्रतिस्पर्ध्याने चेंडू जोराने मारला आहे की नुसता स्पर्श केला आहे, तो सपाट मारला आहे की कापला आहे, याचा अंदाज बॅटीच्या आवाजावरून अर्धवट तरी आधीच बांधता येई. चेंडू नऊ फूट लांबीचे मेज ओलांडून येईपर्यंत जो अत्यल्प अवधी मिळतो, त्यातील काही अंश या ध्वनीमुळे वाचत असे. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही जाण इतकी अंगवळणी पडलेली असे, की आपण आवाज ऐकून हालचाल करीत आहोत याचे भानही खेळाडूला राहत नसे. तो आवाज बंद पडला तेव्हाच त्याचे मोल उमगले.

स्पंज ही सातोची शोधकल्पना नव्हती. व्हिएन्ना येथील १९५१ च्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रियाच्या वाल्डेमार फ्रिच याने स्पंजाची बॅट वापरली होती. परंतु तिची फारशी दखल घेतली गेली नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तत्कालीन नियमांनुसार बॅट कोणत्याही आकाराची, आकारमानाची, वजनाची व कोणत्याही पदार्थाची असली तरी चालत असे. नियम करणाऱ्यांना रबराखेरीज दुसरे काही खरोखरच वापरात येईल, असे वाटले नसावे. सातोच्या बॅटीवर दाणेदार रबर मुळीच नव्हते. लाकडी फळीवर जाड स्पंज चिकटविलेला होता. अशा पृष्ठभागावर चेंडू क्षणभर रुततो, स्पंज दबतो आणि दबलेला स्पंज पुन्हा फुगताना चेंडूला गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर फेकतो. परिणाम असा, की हाताची हालचाल लहान व संथ दिसली, तरी चेंडू अनपेक्षित वेगाने येतो. शिवाय स्पंज आघाताचा आवाज जवळजवळ गिळून टाकतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा कान निकामी होतो आणि हाताच्या हालचालीवरून वेग ओळखण्याची सवय असलेल्या डोळ्याचीही फसगत होते. प्रतिस्पर्ध्याने मारलेला जोराचा फटका केवळ बॅट आडवी धरून परतविला, तरी त्यातील बळाचा मोठा भाग त्याच्याकडेच परत जातो. हार्डबॅटच्या (दाणेदार रबराच्या बॅटीला हे नाव नंतर पडले) खेळाडूला स्वतःच्याच आक्रमणाची शिक्षा भोगावी लागावी, असा हा प्रकार होता.

जागतिक टेबल-टेनिस स्पर्धा १९२६ पासून भरत आल्या. पण आशिया खंडात त्या भरण्याची ही पहिलीच वेळ होती. जपानच्या पुरुष संघात सातोखेरीज नोरिकाझू फुजी, तादाआकी हायाशी व दाइसुके दाइमोन हे खेळाडू होते. महिलांत शिझुकी नाराहारा व तोमिए निशिमुरा या दोघी होत्या. जागतिक स्पर्धेतील जपानचे हे पदार्पणच होते. संघातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून सातोकडे पाहिले जात नव्हते. तो मान फुजीकडे जाई. युरोपीय व अमेरिकन खेळाडूंना तर यांपैकी एकाचाही खेळ परिचित नव्हता.

पुरुषांच्या सांघिक स्पर्धेत, म्हणजे स्वेथलिंग चषकासाठी, हंगेरी प्रथम व इंग्लंड द्वितीय आले. जपान व हाँगकाँग यांनी तिसरे स्थान विभागून घेतले. सांघिक सामन्यांत स्पंज अजिंक्य ठरला नव्हता, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. एकेरीत मात्र सातोने एकामागून एक नामांकित खेळाडूंना बाद केले. त्याच्याकडून पराभूत झालेल्यांत अमेरिकेचा मार्टी रीझमन होता. बावीस वर्षांचा हा न्यूयॉर्कचा खेळाडू १९४९ ची इंग्लिश खुली स्पर्धा जिंकलेला, जबरदस्त फटक्यांबद्दल प्रसिद्ध आणि मुंबईतील विजेतेपदाच्या प्रमुख दावेदारांपैकी एक होता. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या फटक्याच्या जोरात होते आणि सातोच्या बॅटीला नेमका तोच जोर हवा होता. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला नमवून सातोने अजिंक्यपद मिळविले.

त्या पराभवाची सल रीझमनने आयुष्यभर बाळगली. स्पंजाने दोन माणसांमधला संवादच खेळातून हद्दपार केला, अशी त्याची भूमिका होती. तो स्वतः दाणेदार रबराशी एकनिष्ठ राहिला आणि १९९७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने अमेरिकेची हार्डबॅटची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखविली. त्याच्या जीवनावर सैलपणे आधारलेला ‘मार्टी सुप्रीम’ हा अमेरिकन चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पराभूताची बाजू इतक्या विस्ताराने जगापुढे यावी आणि विजेत्याविषयी मात्र चार ओळीच उपलब्ध असाव्यात, हा एक विचित्र योग म्हणावा लागेल.

विजय सातोचा की त्याच्या बॅटीचा, हा वाद मुंबईतच सुरू झाला. त्याचा निवाडा करताना दोन्ही बाजूंचा पुरावा ध्यानात घेणे इष्ट. सातोने कोणताही नियम मोडला नव्हता. एकाच स्पर्धेत भिन्न शैलीच्या प्रतिस्पर्ध्यांना ओळीने हरविण्यासाठी लागणारी एकाग्रता व नियंत्रण बॅट पुरवीत नाही. स्पंज नाठाळ असतो आणि सवय नसलेल्या हातात तो चेंडू मेजाबाहेरच भिरकावतो. दुसरे असे, की मुंबईत जपानने एकूण सातांपैकी चार अजिंक्यपदे मिळविली आणि त्यांपैकी तीन विजयांत सातोचा हात नव्हता. फुजी व हायाशी यांनी पुरुष दुहेरी जिंकली; नाराहारा व निशिमुरा यांनी महिलांचा कॉर्बिलॉन चषक आणि महिला दुहेरीही पटकाविली. म्हणजे जपानी खेळाची एकंदर पातळीच उंचावलेली होती. युरोपला तिची खबर नव्हती, इतकेच. महिला एकेरी रूमानियाच्या अँजेलिका रोझेआनूने, तर मिश्र दुहेरी तिनेच हंगेरीच्या फेरेंत्स सिडोच्या साथीने राखली. या तीन अन्य विजयांकडे दुर्लक्ष करून मुंबईच्या स्पर्धेला केवळ ‘स्पंजाची स्पर्धा’ म्हणणे जपानी खेळाडूंवर, विशेषतः नाराहारा व निशिमुरा यांच्यावर, अन्याय करणारे आहे.

उलट बाजूचा पुरावाही कमी वजनाचा नाही. सातोला मुंबईनंतर तशा तोडीचे यश पुन्हा मिळाले नाही. त्याच्या बॅटीचे वर्तन एकदा कळल्यावर तिच्यावरचे उपायही सापडले. जोराने मारण्याऐवजी चेंडू संथ, आखूड व बिनफिरकीचा द्यावा, त्याला स्वतःचा जोर लावण्यास भाग पाडावे आणि चुकीची वाट पाहावी, हे तंत्र हळूहळू सर्वांस अवगत झाले. खुद्द रीझमननेही नंतर जपानमध्ये झालेल्या सामन्यात सातोला हरविले. अपरिचित साधनाचा लाभ ते अपरिचित असेपर्यंतच पुरतो. मुंबईत तो दहा दिवस पुरला. बूकारेस्ट येथील १९५३ च्या जागतिक स्पर्धेत जपानने भागच घेतला नाही, त्यामुळे सातोला विजेतेपद राखण्याची संधीही लाभली नाही. ते अजिंक्यपद सिडोकडे गेले. मायदेशी सातोचे स्वागत राष्ट्रीय वीराला शोभेल अशा थाटात झाले होते. याच्या मुळाशी केवळ क्रीडाप्रेम नव्हते. जलतरणपटू हिरोनोशिन फुरुहाशी याचे लॉस अँजेल्समधील विक्रम आणि पदार्थवैज्ञानिक हिडेकी युकावा यास मिळालेले नोबेल पारितोषिक (दोन्ही १९४९) यांच्याप्रमाणेच सातोचे अजिंक्यपदही पराभूत राष्ट्राला आत्मविश्वास परत देणाऱ्या घटनांपैकी एक मानले गेले.

सातोने दाखविलेली वाट पुढे नेली ती इचिरो ओगिमुरा (१९३२–९४) या त्याच्याहून सात वर्षांनी लहान असलेल्या खेळाडूने. स्पंजाचा वेग हा प्रतिस्पर्ध्याला चकविण्याचा उपाय न राहता स्वतःच्या आक्रमणाचे साधन व्हावे, यासाठी ओगिमुराने पायांच्या हालचालींवर व शारीरिक तयारीवर अपार मेहनत घेतली. लंडन येथे १९५४ मध्ये पुरुष एकेरी जिंकून त्याने अजिंक्यपद पुन्हा जपानकडे आणले. त्याच वर्षी पुरुष व महिला या दोन्ही गटांची सांघिक विजेतेपदेही जपानला मिळाली. १९५४ ते १९५९ या काळात झालेल्या पाचही जागतिक स्पर्धांत स्वेथलिंग चषक जपाननेच जिंकला, तर एकेरीत ओगिमुरा (१९५४, १९५६) व तोशिआकी तानाका (१९५५, १९५७) यांनी आळीपाळीने अजिंक्यपद मिळविले. ओगिमुरा पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्षही झाला (१९८७–९४). टेबल-टेनिसचा ऑलिंपिक सामन्यांत समावेश झाला तो त्याच्याच कारकीर्दीत, १९८८ मध्ये.

दरम्यान स्पंजावरून महासंघात सात वर्षे खल चालला. काही राष्ट्रीय संघटनांनी आपापल्या देशात त्यावर बंदीही घातली. विरोधकांचे म्हणणे असे, की रॅली लांबत नाहीत, प्रेक्षकांना खेळ कळेनासा होतो आणि प्रत्येक खेळाडू निराळ्या जाडीचा स्पंज आणू लागल्यास स्पर्धा माणसांची न राहता कारखान्यांची होईल. समर्थक प्रागच्या त्या दोन तासांच्या गुणाकडे बोट दाखवीत. अखेर डॉर्टमुंड येथे १९५९ मध्ये तडजोड झाली. नुसता स्पंज निषिद्ध ठरला. बॅटीची फळी लाकडीच असावी, दाणेदार रबर थेट फळीवर चिकटविल्यास त्याची जाडी २ मिमी. पेक्षा आणि स्पंजाच्या थरावर रबर बसविल्यास एकूण जाडी ४ मिमी. पेक्षा अधिक असू नये, असे ठरले. स्पंज व रबर यांच्या या दुपदरी आवरणालाच ‘सँडविच रबर’ म्हणतात. स्पंज त्यात वेग पुरवितो व वरचे रबर फिरकी. त्याच डॉर्टमुंडच्या स्पर्धेत रुंग ग्वो-त्वान हा चीनचा पहिला जगज्जेता झाला. १९६० च्या सुमारास जपानी खेळाडूंनी सँडविच रबराच्या साह्याने चेंडूला पुढच्या दिशेने तीव्र फिरकी देणारा ‘लूप’ हा फटका विकसित केला. आजचा खेळ मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. सातोची नेमकी बॅट घेऊन आज कोणत्याही अधिकृत स्पर्धेत उतरता येणार नाही. परंतु आजची कोणतीही बॅट त्या बॅटीशिवाय अस्तित्वात आली नसती.

प्रतिस्पर्ध्याच्या हाती काय आहे हे खेळाडूला कळलेच पाहिजे का, हा मुंबईत उपस्थित झालेला प्रश्न मात्र १९५९ नंतरही शिल्लक राहिला. १९७० नंतर काही खेळाडू बॅटीच्या दोन बाजूंना दिसण्यात सारखी, पण गुणधर्मांत अगदी भिन्न अशी रबरे लावू लागले आणि खेळता खेळता बॅट फिरवू लागले. काहीजण आरंभीचा चेंडू मारताना जमिनीवर पाय आपटून बॅटीचा आवाज लपवीत. म्हणजे आवाजावरून रबर ओळखण्याची जुनी विद्या अद्याप जिवंत होती. १९८३ मध्ये दोन बाजूंचे रंग भिन्न असण्याची सक्ती झाली. १९८६ पासून एक बाजू लाल व दुसरी काळी असावी, असे निश्चित झाले. खेळाडूला कानाने जे कळत असे, ते आता डोळ्यांना उघड दाखविण्याची व्यवस्था अशा रीतीने नियमानेच केली.

भारतात या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धा १९३८ पासून भरू लागल्या होत्या. पुरुषांच्या आंतरराज्य स्पर्धेचा चषक बार्ना व त्याचा सहकारी बेलाक यांच्या नावाने ओळखला जातो, यावरून आरंभीच्या काळातील हंगेरियन खेळाचा येथील प्रभाव ध्यानात येतो. मुंबईच्या जागतिक स्पर्धेत यजमान भारताला पदक मिळाले नाही. पण त्याच वर्षी सिंगापूर येथील आशियाई स्पर्धेत मुंबईच्या गूल नासिकवाला यांनी महिला एकेरी, महिला दुहेरी व मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. पुढील दशकांत जयंत व्होरा (अर्जुन पुरस्कार १९६१), गौतम दिवाण (१९६५), फारूख खोदाईजी (१९६७), केटी खोदाईजी (१९७१), शैलजा साळोखे (१९७६) व कमलेश मेहता (१९८५) असे नामवंत खेळाडू महाराष्ट्रातून पुढे आले. मेहता यांनी राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद आठ वेळा मिळविले आणि १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केले.

सातो मुंबईत खेळला त्याच सुमारास शहराचा आकारही बदलत होता. अंधेरी, घाटकोपर आदी उपनगरे १९५० मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आली; बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये. दक्षिण मुंबईतील मैदाने व जिमखाने यांपासून दूर, लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना वाढत गेलेल्या या वस्तीत क्रिकेटला पुरेल इतकी मोकळी जागा दिवसेंदिवस दुर्मिळ होत गेली. टेबल-टेनिसच्या मेजास लांबी नऊ फूट व रुंदी पाच फूट एवढीच जागा लागते. भोवतालच्या हालचालीस मोकळीक धरली, तरी शाळेचा एखादा वर्ग किंवा गृहनिर्माण संस्थेचा तळमजला पुरतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांतही खेळ खंडित होत नाही. उपनगरांतील जिमखाने, शाळा व वसाहती यांतून हा खेळ रुजण्याचे हे एक प्रमुख कारण होय. मुंबई उपनगर हा १९९० मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. टेबल-टेनिसमध्येही मुंबई शहर व मुंबई उपनगर यांच्या जिल्हा संघटना वेगवेगळ्या असून राज्य स्पर्धांत त्यांचे संघ परस्परांविरुद्ध उतरतात. या संघांतील मुलेमुली वापरतात ते रबर सँडविच प्रकारचेच असते. जपानी बनावटीच्या रबरांना त्यांच्यात विशेष मागणी असते.

जागतिक टेबल-टेनिस स्पर्धा त्यानंतर भारतात १९७५ मध्ये कलकत्ता व १९८७ मध्ये नवी दिल्ली येथे भरली. मुंबईत ती पुन्हा भरलेली नाही. सातोचे निधन २००० मध्ये झाले. स्पंजामुळे वाढलेल्या वेगाला आळा घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने चेंडूचा व्यास ३८ मिमी. वरून ४० मिमी. केला, तोही याच वर्षी.